सुझान लेंग्लेनने पैसे मागितले, त्यात तिचं चुकलं काय?

फ्रान्सची टेनिस चॅम्पियन सुझान लेंग्लेन हिच्याबद्दल कुणी लिहायला घेतलं की तीन गोष्टी हमखास येतात. मॅचच्या मधे ती ब्रँडी घ्यायची, तिचा स्कर्ट जेमतेम पोटरीपर्यंत होता, आणि तिने विम्बल्डनला इंग्लंडच्या राणीला ताटकळत ठेवलं. गॉसिप म्हणून तिन्ही झकास आहेत, थोड्याफार खऱ्याही आहेत, पण याच बाईने १९२६ साली टेनिस चालवणाऱ्यांच्या तोंडावर जो हिशेब फेकला त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही आणि माझ्या मते तिच्या सगळ्या ट्रॉफ्यांपेक्षा तो हिशेब मोठा आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बारा वर्षं मी चॅम्पियन आहे, माझ्या जिवावर टेनिसवाल्यांनी लाखो फ्रँक कमावले, मी मात्र त्यांच्याच स्पर्धेत खेळायला एंट्री फी भरत आले, आता सत्ताविसाव्या वर्षी माझ्या गाठीला काही नाही, तर मी हे पुढे कुणासाठी कमावत बसायचं?

उत्तर कुणी दिलं नाही. विम्बल्डन भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने तिचं मानद सदस्यत्व काढून घेतलं, अमॅच्युर म्हणजे पैसे न घेता हौसेने खेळायच्या टेनिसची दारं तिला कायमची बंद झाली, आणि पेपरवाल्यांनी लोभी, नखरेल, उद्धट जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. या गोष्टीला शंभर वर्षं होत आली. तरी खेळाडूने पैशाचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या त्या पडतातच, म्हणून म्हटलं तिची केस जरा नीट उघडून बघू.

आधी एक सांगून टाकतो, ती काही गरिबाघरची पोर नव्हती. जन्म २४ मे १८९९ चा, पॅरिसचा. वडील शार्ल लेंग्लेन पैसेवाले, हिवाळ्यात मुक्काम नीसला, आणि नीसला घराच्या समोरच टेनिस क्लब. रिव्हिएरावर, म्हणजे फ्रान्सच्या या दक्षिण किनाऱ्यावर, तेव्हा युरोपभरचे श्रीमंत थंडी घालवायला यायचे, टॉपचे पुरुष खेळाडूही यायचे, शार्ल त्यांचा खेळ तासन्तास बघत बसायचे आणि त्यांनी ठरवून टाकलं की बाकीच्या बायका बेसलाइनवरून जपून जपून बॉल परतवतात तसं आपल्या मुलीने खेळायचं नाही, तिने पुरुषांसारखं खेळायचं. १९१० साली तिच्या हातात रॅकेट आलं. प्रॅक्टिसला समोर पुरुष, कोर्टावर एक रुमाल टाकलेला, बॉल त्या रुमालावरच पडला पाहिजे, तो जमला की रुमाल दुसरीकडे. मुलीच्या मागे हात धुऊन लागलेले आईबाप आजही प्रत्येक टेनिस अकॅडमीच्या जाळीला टेकून उभे असतात, हे त्यांचे मूळपुरुष म्हणायला हरकत नाही.

१९१४ मध्ये पंधराव्या वर्षी तिने पॅरिसजवळ सेंट-क्लूला वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप मारली. मग महायुद्ध, पाच वर्षं सगळं ठप्प. १९१९ ला ती विम्बल्डनला उतरली ते फायनलला समोर डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स, सात वेळची चॅम्पियन, वय चाळीस, लांब स्कर्ट, सगळं जुन्या वळणाचं. बघायला राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी. स्कोअर १०-८, ४-६, ९-७. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्सबाईंकडे दोन मॅच पॉइंट होते, त्यातल्या एकाला सुझानच्या रॅकेटच्या फ्रेमला लागून बॉल कसाबसा नेटपलीकडे पडला, नाहीतर ही सगळी गोष्टच वेगळी झाली असती. ती दमली तेव्हा वडिलांनी स्टँडमधून कोन्यॅकमध्ये बुडवलेले साखरेचे तुकडे तिच्याकडे फेकले, ब्रँडीची कथा ती हीच.

त्यानंतर जे झालं ते आकड्यांतच सांगावं लागतं. १९१९ ते १९२३ सलग पाच आणि १९२५ ला सहावं, अशी विम्बल्डनची सहा सिंगल्स. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं गोल्ड, दहा सेटमध्ये मिळून फक्त चार गेम दिले. १९२२ ची विम्बल्डन फायनल २६ मिनिटांत. १९२५ ला अख्ख्या विम्बल्डन सिंगल्समध्ये पाच गेम गमावले आणि आदल्या वर्षीची चॅम्पियन किटी मॅकेन, तिला ६-०, ६-०. युद्धानंतर १९२६ मध्ये अमॅच्युर टेनिस सोडेपर्यंत सिंगल्सची एकच मॅच गेली, १९२१ ला अमेरिकेत मोला मॅलरीविरुद्ध, तीही आजारी असताना पहिला सेट २-६ हरून अर्धवट सोडलेली, आणि त्यावर अमेरिकन प्रेक्षकांनी तिची यथेच्छ हुर्यो उडवली.

आता ही बाई खेळणार म्हटलं की काय व्हायचं ते बघा. विम्बल्डनचं जुनं वर्पल रोडचं ग्राउंड गर्दीला पुरेना, १९२२ ला स्पर्धा चर्च रोडला मोठ्या सेंटर कोर्टवर गेली, जिथे ती आजही होते. एकट्या तिच्यामुळे गेली असं म्हणणं जास्त होईल, पण तिच्या मॅचला रस्त्यापर्यंत रांगा लागायच्या आणि बायकांची मॅच बघायला पुरुषांच्या मॅचपेक्षा जास्त गर्दी होते हा चमत्कार आयोजकांनी पहिल्यांदा तिच्या वेळी बघितला. तिकिटाचा पैसा गोळा होत होता. फक्त तो जिच्यामुळे येत होता तिच्याकडे जात नव्हता, कारण नियमच तसा.

हे सगळ्यात उघडं पडलं ते १६ फेब्रुवारी १९२६ ला, फ्रान्सच्या कान शहरातल्या कार्लटन क्लबवर. अमेरिकेची हेलन विल्स तेव्हा वीस वर्षांची, लागोपाठ तीनदा अमेरिकेची चॅम्पियन, आणि ती हिवाळ्यात फ्रान्सला आली तेव्हापासून या दोघी कधी समोरासमोर येतात याची जगभरच्या पेपरांत रोजची चर्चा. मॅच ठरली तशी घाईघाईने लाकडी स्टँड ठोकले गेले, तिकिटं ब्लॅकने गेली, ज्यांना आत जागा नाही ते शेजारच्या घरांच्या छपरांवर आणि झाडांवर. स्वीडनचा राजा गुस्ताव्ह प्रेक्षकांत. पहिला सेट सुझानने ६-३ घेतला. दुसऱ्यात ६-५, मॅच पॉइंट, विल्सचा जोरदार फटका कॉर्नरला, कुणीतरी 'आउट' ओरडलं, दोघी नेटपाशी आल्या, हात मिळवले, फुलं आली, फोटोवाले कोर्टात घुसले. आणि लाइन्समन लॉर्ड चार्ल्स होप गर्दीतून वाट काढत अंपायरकडे गेला आणि म्हणाला की आउट मी दिलाच नाही, तो आवाज प्रेक्षकांतून आला, बॉल आत होता. म्हणजे जिंकून झालेली मॅच पुन्हा खेळायची! विल्सने तो गेम घेतला, ६-६. कुठल्याही माणसाचं अवसान तिथे गळालं असतं. सुझानने ८-६ ने सेट काढला आणि मग बाकावर बसून ढसाढसा रडली.

त्या दिवशी क्लबने कमावलं, हॉटेलवाल्यांनी कमावलं, ब्लॅकवाल्यांनी कमावलं, पेपरांनी तर किती कमावलं असेल. नियमाप्रमाणे गेटच्या पैशातला एक फ्रँकही त्या दोघींचा नव्हता. मला हा प्रकार बघितला की विल्सपेक्षा सुझानचं जास्त वाटतं, कारण विल्सच्या मागे कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर बापाचं स्थिर घर होतं आणि सुझानच्या घरी तोवर वडिलांची तब्येत आणि पैसा दोन्ही उतरणीला लागले होते.

मग त्याच वर्षी विम्बल्डनचा तो प्रसंग. स्पर्धेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. सुझानला वाटलं दुपारी उशिरा आपली डबल्सची मॅच आहे, आयोजकांनी त्याआधी तिची सिंगल्स लावली, निरोप तिच्यापर्यंत नीट पोचला नाही, ती तिच्या हिशेबाने आली तेव्हा राणी मेरी रॉयल बॉक्समध्ये तिची वाट बघत बसून होती. कमिटीने तिला झापलं, ती ड्रेसिंग रूममध्ये कोलमडली, खेळायला तयार होईना. पेपरांनी 'राणीचा अपमान' अशी बोंब ठोकली. पुढच्या मॅचेसना जे प्रेक्षक सात वर्षं तिच्यावर जीव टाकत होते तेच गार पडले, आणि तिने स्पर्धा सोडली ती सोडलीच, पुन्हा विम्बल्डनला खेळली नाही. ती हट्टी होती, तोंडाळ होती, हे मान्य. पण ज्या कमिटीला तिच्या नावावर स्टेडियम भरायचं होतं तिला एक निरोप धड पोचवता येऊ नये, आणि दोष सगळा पोरीच्या माथी, हे काही पटत नाही.

याच सुमाराला अमेरिकेचा सी. सी. पाइल नावाचा प्रमोटर तिच्यामागे लागला होता, लोक त्याला 'कॅश अँड कॅरी' पाइल म्हणायचे यातच काय ते आलं. त्याने पन्नास हजार डॉलर देऊ केले, अमेरिकाभर दौरा, तिकीट लावून मॅचेस. तिने सही केली. ९ ऑक्टोबर १९२६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला खेळ, तेरा हजार प्रेक्षक. समोर मेरी ब्राउन, अमेरिकेची एकेकाळची तीनदा चॅम्पियन पण आता पस्तिशीतली. दौऱ्यात दोघींच्या ३८ मॅचेस झाल्या आणि अडतीसच्या अडतीस सुझानने जिंकल्या. मघाशी सांगितलेला तो हिशेब तिने याच वेळी मांडला आणि त्यात आणखी एक वाक्य होतं ज्याने टोप्या घातलेले साहेब जास्त चिडले असणार, की तुमच्या या जुनाट नियमांमुळे फक्त श्रीमंतच खेळू शकतात आणि प्रत्यक्षात श्रीमंतच खेळतात, याला न्याय म्हणायचं का आणि याने खेळ पुढे जातो का.

हे बरोबरच होतं, आणि ते टेनिसपुरतंही नव्हतं. हौशी खेळाचा हा जो थाट आहे, खेळासाठी खेळ, पैसा म्हणजे विटाळ, तो व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये ज्यांनी बांधला त्यांना खेळाच्या प्रेमापेक्षा बाकीच्यांना बाहेर ठेवणारं गेट हवं होतं. हेनली रेगाटा या बोटींच्या शर्यतीच्या १८७९ च्या नियमात सरळ लिहिलं होतं की मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर असेल तो अमॅच्युर नाही, म्हणजे त्याने वल्हवायचे पैसे घेतले की नाही हा प्रश्नच नाही, हातांनी काम करून पोट भरतो एवढं पुरे. क्रिकेटमध्ये 'जंटलमेन' आणि 'प्लेयर्स' हा भेद १९६२ पर्यंत होता, वेगळ्या ड्रेसिंग रूम, वेगळी गेट, आणि स्कोअरकार्डवर साहेबाची इनिशियल्स आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. लॉर्ड्सवर एकदा लाउडस्पीकरवरून चक्क दुरुस्ती सांगितली गेली होती की 'एफ. जे. टिटमस' असं छापलंय ते 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. ज्यांना जातीची उतरंड कशी चालते हे माहीत आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि वर मजा म्हणजे, खरोखर कुणी फुकट खेळत होतं असंही नाही. हॉटेलचं बिल कुणीतरी भरायचं, 'प्रवासखर्च' प्रवासापेक्षा मोठा असायचा, नामांकित खेळाडू आपल्या स्पर्धेत यावा म्हणून पाकीट सरकवलं जायचं, सगळ्यांना माहीत, कुणी बोलायचं नाही. नियम पैसे घेण्याच्या विरोधात कमी आणि उघडपणे घेण्याच्या विरोधात जास्त होता. बिल टिल्डनचं १९२८ चं प्रकरण याचा नमुना आहे. टिल्डन अमेरिकेचा सगळ्यात मोठा खेळाडू, त्याने विम्बल्डनवर पेपरात लेख लिहिले म्हणून अमेरिकन टेनिस असोसिएशनने त्याला डेव्हिस कप या देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेतून काढलं, अमॅच्युरपणाला बट्टा लागला म्हणे. पण लढत होती पॅरिसला, नव्याकोऱ्या रोलाँ गॅरोस स्टेडियमवर, फ्रेंचांनी तिकिटं टिल्डनच्या नावावर खपवली होती, ते बोंबलले, शेवटी अमेरिकेचे राजदूत मधे पडले आणि टिल्डन एकदम शुद्ध झाला! त्याने फ्रान्सच्या लाकोस्तला पाच सेटमध्ये हरवलंसुद्धा. लढत संपल्यावर घरी परतला तर असोसिएशनने त्याला पुन्हा सस्पेंड केलं. स्टेडियम भरायचं होतं तोवर नियम गुंडाळून ठेवला, भरून झाल्यावर पुन्हा काढला.

फ्रेड पेरीचंही तेच. गिरणीत काम करून पुढे मजूर चळवळीतून खासदार झालेल्या बापाचा मुलगा, १९३४ ला विम्बल्डन जिंकला तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये क्लबचा एक पदाधिकारी हरलेल्या क्रॉफर्डचं सांत्वन करत होता की आज चांगला माणूस हरला, आणि चॅम्पियनला मिळणारा क्लबचा टाय पेरीच्या खुर्चीवर नुसता टाकून ठेवलेला, अभिनंदनाचा एक शब्द नाही. तीन वर्षं लागोपाठ जिंकून तो प्रोफेशनल झाला आणि त्याचंही सदस्यत्व गेलं. आज त्याच क्लबच्या आवारात त्याचा पुतळा आहे.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे, कारण तिच्यात अगदीच दम नाही असं नाही. पैसा आला की खेळ बाजारात उभा राहतो, हे डोळ्यांनी दिसतंच आहे. पाइलच्या दौऱ्यात खेळ म्हणून काय होतं? अडतीसपैकी अडतीस जिंकणारी एक आणि हरणारी एक, लोक एका बाईला बघायला येत होते, निकाल आधीच माहीत. काही महिन्यांत दौरा संपला, पाइलने टेनिस सोडून दुसरे धंदे धरले. त्या वेळचे टीकाकार म्हणाले ही सर्कस आहे, आणि सर्कसच होती. पण ती सर्कस का झाली हे कुणी विचारलं नाही. तिच्या तोडीची हेलन विल्स त्या दौऱ्यात येऊच शकत नव्हती, आली असती तर तिलाही विम्बल्डन कायमचं बंद. चांगल्या स्पर्धा एका बाजूला कोंडून ठेवायच्या, पैसा दुसऱ्या बाजूला ढकलायचा, आणि मग बघा बघा पैशाने खेळ नासला म्हणायचं, हा चलाखपणा झाला.

याची किंमत पुढे चाळीस वर्षं खेळाने मोजली. पांचो गोन्झालेस १९४८ आणि १९४९ ला अमेरिकेचा चॅम्पियन, विशीतच प्रोफेशनल झाला, पुढची अठरा-एकोणीस वर्षं, म्हणजे खेळाडूचं जे काही आयुष्य असतं ते सगळं, ग्रँड स्लॅमच्या बाहेर. रॉड लेव्हरने १९६२ ला एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकली, मग प्रोफेशनल झाला आणि १९६३ ते १९६७ पाच वर्षं त्याला एकही खेळता आली नाही, परत आल्यावर १९६९ ला पुन्हा चारही. मधल्या पाच वर्षांत विम्बल्डन जिंकणारे जगातले सर्वोत्तम होते का, हे तुम्हीच ठरवा. ग्रेट कोण, जास्त टायटल कुणाची यावर जे वाद रंगतात त्यात ही भोकं कुणी धरत नाही.

शेवटी १९६७ च्या डिसेंबरात ब्रिटिश टेनिस असोसिएशननेच अमॅच्युर-प्रोफेशनल हा भेद मोडायचं ठरवलं, एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडात बोर्नमथला पहिली ओपन, म्हणजे दोघांनाही खुली, स्पर्धा झाली. त्या वर्षी विम्बल्डनला लेव्हरला दोन हजार पाउंड मिळाले आणि बिली जीन किंगला साडेसातशे, म्हणजे एक गेट उघडलं तर आत दुसरं होतंच. बायकांना बरोबरीची रक्कम द्यायला विम्बल्डनने २००७ उजाडवलं. आणि सुझान? ती दौऱ्यानंतर फार खेळली नाही, पॅरिसला टेनिसची शाळा काढली, पोरांना शिकवत राहिली, आणि ४ जुलै १९३८ ला ॲनिमियाने गेली, वय ३९. आता रोलाँ गॅरोसच्या दोन नंबरच्या कोर्टाला तिचं नाव आहे, बायकांच्या चॅम्पियनला मिळते त्या ट्रॉफीलाही. नाव तिचं, तिकिटं अजून त्यांचीच.

आपल्याकडे हा विचार साहेबाबरोबर जिमखान्यांमधून आला आणि साहेब गेला तरी मुक्कामाला राहिला. सुरुवातीचे आपले टेनिसवाले कोण होते बघितलं तर सुझानचं वाक्य तंतोतंत लागू पडतं. मुंबईच्या लीला राव १९३४ ला विम्बल्डनला मॅच जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, आई संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, आजोबा शंकर पांडुरंग पंडित, वडील डॉक्टर. त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही, पण बोटीने विलायतेला जाऊन हौसेने टेनिस खेळणं अशाच घराला परवडणार होतं. रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ ला विम्बल्डनच्या सेमीफायनलला गेले, प्रोफेशनल दौरे भरवणाऱ्या जॅक क्रेमरने प्रोफेशनल व्हायची मोठी ऑफर दिली ती त्यांनी घेतली नाही, आणि हे आपण आजही कौतुकाने सांगतो. त्यांनी घेतली असती तर? आपण त्यांना नावं ठेवली असती, मला खात्री आहे.

आणि जिथे घरचं पाठबळ नाही तिथे काय होतं ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत आहे. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नाहीत, गोळेश्वरच्या आणि आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, खाशाबा ब्राँझ घेऊन आले. ही गोष्ट शाळेत ऐकताना छाती फुगते, डोळ्यात पाणी येतं. पण मोठेपणी तीच गोष्ट पुन्हा ऐकली की वाटतं, एका मास्तराने घर गहाण टाकल्याशिवाय ऑलिम्पिकला जाता आलं नाही यात अभिमानाचं काय आहे, अभिमान खाशाबांचा आणि खर्डेकरांचा, बाकीच्यांनी मान खाली घालावी असा मामला आहे. कबड्डीचं बघा. कित्येक वर्षं आपली पोरं गुडघे फोडून घेत खेळली ती रेल्वेत, पोलिसात, बँकेत चिकटता येईल या आशेवर, फेडरेशनच्या नावात 'अमॅच्युर' होतं आणि मैदानाबाहेर प्रत्येक बाप कोचला विचारायचा की सर, नोकरीचं काही होईल ना. २०१४ ला प्रो कबड्डी आली, पहिल्यांदा पोरांची बोली लागली, तेव्हा काही जुन्या मंडळींना वाईट वाटलं की खेळाचा बाजार झाला. मला तर बरंच वाटलं. रेडला जाणाऱ्या पोराला घरी पैसे पाठवता येतात यात बिघडलं कुठे?

आता अलीकडची दोन प्रकरणं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ मिळवलं, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक मेडल. रेल्वेत टीसीची नोकरी करत तो इथवर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या वडिलांनी सरकारी बक्षिसाची रक्कम कमी आहे, दुसऱ्या राज्यात याच्या कितीतरी पट मिळते असं जाहीर बोलून दाखवलं, तर कालपर्यंत पेढे वाटणारे लोक कमेंटमध्ये हावरटपणा म्हणून तुटून पडले. आता बक्षीस म्हणजे हक्क नाही हे मला कळतं, आणि वडिलांनी बोलायची पद्धत वेगळी असू शकली असती हेही धरा. पण तो पोरगा जेव्हा खरोखर खर्चात होता, तेव्हाचं काय? मेडलनंतरचा चेक द्यायला फोटोसकट सगळे हजर असतात.

दुसरं प्रकरण तर टेनिसचंच. सुमित नागल, तेव्हा भारताचा नंबर एक, त्याने २०२३ मध्ये सांगितलं की माझ्या खात्यात जेमतेम नऊशे युरो उरलेत, वर्षाचा खर्च ऐंशी लाख ते एक कोटी. कोच, फिजिओ, विमान, हॉटेल, सगळं स्वतः. लोक हळहळले. वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ऑल इंडिया टेनिस असोसिएशनने सांगितलं की डेव्हिस कप खेळायला हा वर्षाला पन्नास हजार डॉलर मागतो. झालं, हळहळणारे तेच लोक 'देशासाठी खेळायचे पैसे मागतो?' म्हणून उलटले. नागलचं म्हणणं होतं की प्रोफेशनल खेळाडूंना मोबदला देणं जगभर रूढ आहे आणि वाटाघाटी काय झाल्या ते आमच्यातलं आहे. योगायोग म्हणजे आकडा तोच, पाइलने सुझानला दिला होता तोच, अर्थात आजच्या पन्नास हजार डॉलरला १९२६ च्या मानाने काय किंमत राहिली ते सांगायला नको.

नागलचा आकडा जास्त असेलही. असोसिएशनने घासाघीस करावी, परवडत नाही म्हणावं, दुसऱ्याला खेळवावं, सगळं रीतसर आहे. देशप्रेम मधे आणलं की घासाघीस करावीच लागत नाही, समोरचा आपोआप गप्प बसतो, म्हणून ते आणलं जातं. आणि देशप्रेमाची ही परीक्षा फक्त पोरांचीच का, स्टेडियम बांधणारा कंत्राटदार, मॅच दाखवणारं चॅनेल, टीमला नेणारी विमान कंपनी, यांच्यातलं कुणी देशासाठी म्हणून बिल माफ करतं का? त्यापेक्षा असोसिएशनने एक साधं काम करावं, दर वर्षी जानेवारीत लिहून वेबसाइटवर टाकावं की डेव्हिस कपच्या खेळाडूला मानधन किती, कोच-फिजिओचा खर्च कोण उचलणार, दुखापत झाली तर उपचाराचे पैसे कुणाचे, प्रायोजकाकडून आलेल्या रकमेतला किती वाटा टीमला. ज्याला पटेल तो सही करेल, नाही पटणार तो घरी बसेल. मग कोण किती मागतो ही ब्रेकिंग न्यूज होणार नाही, आणि झालीच तर निदान दोन्हीकडचे आकडे समोर असतील.